आवाज गेले, लक्ष काही परतलं नाही

स्किझोफ्रेनियात कानात येणारे आवाज थांबून दीड वर्ष झालं, तरी मला वर्तमानपत्रातला एक परिच्छेद धड वाचता येईना. तिसऱ्या ओळीवर पोचेपर्यंत पहिली पुसलेली. ताई विचारायची, "ऐकतोयस ना?" ऐकत असायचोच, पण वाक्याचं शेपूट हाती लागायचं नाही. घरचे याला आळस म्हणायचे. खरं तर मीही.

या आजाराचं निदान झालं तेव्हा भास, संशय यांवर भरपूर बोलणं झालं. लक्षाबद्दल अवाक्षर नाही. पुढे डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी मानसशास्त्रज्ञ बाईंकडे चाचणीला धाडलं.

आधी आकडे उलटे म्हणायचे. त्या "७, २, ९, ४" म्हणाल्या की मी "४, ९, २, ७". पाच आकड्यांवर गाडी अडली. मग कागदावर २५ गोल: १ वरून ए, ए वरून २, २ वरून बी, असे पेन न उचलता जोडायचे. मध्येच आता आकडा की अक्षर, हेच विसरलो. सगळ्यात छळलं ते स्क्रीनवरच्या चाचणीनं. अक्षरं येत राहतात, ए नंतर लगेच एक्स आला तरच बटण दाबायचं. सुरुवात झकास. नंतर एक्स डोळ्यांसमोरून गेला, मला दिसला, आणि बोट जागच्या जागी. लाजच वाटली.

बाहेर बसलेल्या एकीला बायपोलर होता. "उन्मादात मन दहा दिशांना पळायचं, डिप्रेशनमध्ये जागचं हलायचं नाही. आता दोन्ही नाही, तरी हिशेबात चुका होतातच," ती म्हणाली. मला उगाच धीर आला.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे. आवाज थांबवणाऱ्या गोळ्यांचा लक्षाला फारसा उपयोग होत नाही." शिवाय त्या गोळ्यांमुळे हात थरथरू नयेत म्हणून चालू असलेली ट्रायहेक्सीफेनिडिल ही गोळी स्मरण आणि लक्ष दोन्ही मंदावू शकते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ती हळूहळू कमी केली. (आपल्या मनानं बंद करू नका, मी एकदा केलेला शहाणपणा आहे तो.)

सोबत आठवड्यातून दोनदा कॉम्प्युटरवर सराव. खेळ कंटाळवाणे, पण चुकलो की बाई विचारत, "नेमकं कुठे सुटलं?" ते शोधणंच खरं कामाचं निघालं. माझं सुटतं ते दुसरी सूचना आली की. सहा महिन्यांनी उलटे आकडे पाचवर जमले. स्क्रीनवर अजून चुकतो.

परवा ताईनं फोनवर एका दमात तीन कामं सांगितली. म्हटलं, "थांब, एकेक सांग, लिहून घेतो." ती थांबली.