वेगळं कशानं करशील?

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवणी लिहा म्हटल्यावर सगळे गॅदरिंगवर लिहिणार. मी विज्ञानाच्या बाईंवर लिहितो.

मूलद्रव्य, संयुग, मिश्रण यांच्या व्याख्या वर्गात सगळ्यांनाच पाठ होत्या. बाईंना त्याचं कौतुक नव्हतं. समोर काहीही ठेवायच्या आणि विचारायच्या, "यातलं एकेक वेगळं कशानं करशील?"

लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड कागदावर कालवली, तर कीस चुंबकाला चिकटून येतो. तेच ७ ग्रॅम लोखंड आणि ४ ग्रॅम गंधक परीक्षानळीत तापवलं, की लालभडक होतं. दिवा काढून घेतला तरी धग पुढे सरकत जाते. खाली उरलेल्या काळ्या गोळ्याकडे चुंबक ढुंकूनही पाहत नाही. शेजारच्या वर्गातून वासाची तक्रार आली, ती वेगळीच.

मिठाचा तास मात्र सगळ्यांत रंगला. ठाण्याहून मुंबईला जाताना हायवेवरून मुलुंड-भांडुपकडची मिठागरं दिसत. खाडीचं पाणी आटताना सगळे क्षार एकदम बसत नाहीत, हे आम्हाला तेव्हा कळलं. आधी चुनखडी, मग जिप्सम, मग मीठ. मागे राहतं ते मॅग्नेशिअमच्या क्षारांचं कडू पाणी. ते वेळेवर सोडून द्यावं लागतं, नाहीतर ते क्षार मिठात येतात आणि पावसाळ्यात बरणीतलं खडेमीठ पाझरतं. आमची आजी सगळा दोष हवेला द्यायची. निम्मं खरं होतं तिचं.

पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कंपनीच्या लॅबला लागलो आणि अल्कोहोलशी गाठ पडली. पाणी मिसळलेल्या अल्कोहोलचं साधं ऊर्ध्वपातन कितीही वेळा करा, वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. तिथे दोन्ही मिळून ७८.२ अंशांना उकळतात, थर्मामीटरचा पारा जागचा हलत नाही. कुणीही म्हणेल, हा एकच पदार्थ. पण दाब बदलला की प्रमाण बदलतं. संयुगाचं तसं होत नाही, म्हणजे हे मिश्रणच.

तलावपाळीवर बाई भेटल्या तेव्हा हे ऐटीत सांगितलं.

"मग उरलेलं पाणी कशानं काढता?"

"मॉलिक्युलर सीव्हनं. तिच्या छिद्रांत पाण्याचा रेणू मावतो, अल्कोहोलचा मावत नाही."

"आणि ती भरली की?"

"तापवतो, बाई. पाणी निघून जातं, परत वापरतो."

"बरं," म्हणाल्या आणि भेळवाल्याकडे वळल्या.