अकरा रुपये

मंगळवार, रात्री उशिरा

शनिवारपासून एक 'थँक यू' मनात सलतंय. झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या फुटबॉल क्लबच्या सीझन तिकिटाची, म्हणजे अख्ख्या हंगामाच्या मॅचेसची, कार्डं घ्यायला टेबलाशी गेलो होतो. बुटांच्या खोक्यात अक्षरवार लावलेली कार्डं, आणि मागे त्याच आजी. माझं आडनाव त्यांना आता विचारावं लागत नाही. दोन बोटांनी कार्ड वर ओढलं, माझ्या हातात दिलं, आणि हात तसाच क्षणभर धरून म्हणाल्या, "थँक यू फॉर रिन्यूइंग, लव्ह." मागे रांग होती. मी कार्ड खिशात टाकलं आणि पायऱ्यांवर जाऊन उभा राहिलो. पहिला हाफ कसा गेला ते मला आठवत नाही.

त्यांना माहीत असेल का, मी किती भरले ते?

एफसी युनायटेड, म्हणजे मँचेस्टरमधल्या आमच्या या क्लबमध्ये, 2009 पासून सीझन तिकिटाला ठरावीक किंमत नाही. एक किमान आकडा असतो, त्याच्या वर ज्याला जेवढं झेपेल तेवढं. रक्कम आपणच टाकायची. गेली इतकी वर्षं मी किमानपेक्षा बरंच वर भरत आलो. या वर्षी किमान भरले. आधी नेहमीचा आकडा टाकला, पुसला, निम्मा टाकला, तोही पुसला. वैदेही चहा घेऊन आली तेव्हा लॅपटॉप मिटला. मार्चपासून घरात जे चाललंय त्यात तिनं काहीच म्हटलं नसतं. पण मिटला. त्याबद्दल आज नको.

मला कळत नाही ते हे, की लाज वाटायचं कारण काय? नियमात बसतंय. कुणी विचारलं नाही, विचारणारही नाही. ज्यांची परिस्थिती ओढाताणीची आहे त्यांच्यासाठीच ही सोय आहे, आणि सभेत तिच्या बाजूनं मी स्वतः बोललोय. दुसऱ्यासाठी बोलताना जीभ कशी सैल सुटते! आपल्यावर आलं की तेच वाक्य टोचतं.

2015 चा मे आठवतो. मॉस्टन भागातल्या आमच्या नव्या मैदानाचं, ब्रॉडहर्स्ट पार्कचं उद्घाटन, पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबविरुद्ध. तारीख मुद्दाम 29 मे, कारण 1968 मध्ये त्याच दिवशी वेम्बलीला मँचेस्टर युनायटेडनं बेन्फिकाला हरवून युरोपियन कप जिंकला होता. आम्ही 1-0 ने हरलो आणि तरी माणसं रडत होती. दहा वर्षं स्वतःचं मैदान नव्हतं, बहुतेक काळ शेजारच्या बरी गावातल्या गिग लेन मैदानावर भाडं भरून खेळायचे. हे मैदान बांधायला लोकांनी समभाग घेऊन सुमारे वीस लाख पौंड उभे केले. कुणी थोडे घातले, कुणी पुष्कळ. मत मात्र प्रत्येकाला एकच. मी तेव्हा नोकरीत नवा, खिसा गरम, माझेही त्यात होते. त्या दिवशी सिमेंटच्या पायरीवर हात ठेवून म्हटलं होतं, यातली एक वीट माझी. आज वाटतं, ती वीट जरा जास्तच मिरवली.

अण्णांना हा क्लब समजावून सांगायला मला एक मिनिट लागलं होतं. ग्लेझर या अमेरिकन धनिकानं कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड घेतलं आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं, म्हणून काही लोकांनी बाहेर पडून आपली टीम काढली, पार खालच्या लीगपासून. अण्णा लगेच म्हणाले, "म्हंजे पेठेनं नवी तालीम काढली की." बरोबर तेच. पोरं दिवसा कामावर, संध्याकाळी सराव. शर्टावर जाहिरात नको हेही सुरुवातीला सभासदांनीच ठरवलेलं. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम पेठांतल्या तालमींच्याच; मंगळवार पेठेतल्या माणसाला यात नवं काय सांगायचं?

आणि तिथेच खरी गाठ आहे, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. आपल्याकडे वर्गणी गुपचूप देत नाहीत. तालमीच्या दारात फळा असायचा. नाव, पुढे टिंबं, पुढे रक्कम. मोठे आकडे वर. शाहू स्टेडियमला मॅच असली की जाता येता सगळी पेठ तो फळा वाचायची. अण्णांचं नाव कायम वरच्या चार-पाचांत, एकशे एक. ज्या वर्षी त्यांचा पगार थांबला त्या वर्षी तळाला होतं. अकरा. मी सहावीत होतो. शाळेतून येताना फळ्यापुढून मान खाली घालून पळत जायचो, आणि सगळ्या पेठेनं माझ्याकडे बघितलं असं वाटायचं.

म्हणजे ही लाज मॉस्टनची नाहीच. तीस वर्षं जुनी आहे. इथं फळा नाही, तरी मी मान खाली घालून पळतोय.

आज संध्याकाळी अण्णांना फोन केला. तिकडे मध्यरात्र व्हायला आलेली, पण ते जागेच असतात. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "अण्णा, तुम्हाला त्या वर्षीचा फळा आठवतो? अकरा रुपयांचा?"

"आठवतो की. मीच लिहिलेला."

मला कळेना. म्हणाले, "फळा मीच लिहायचो रं दर वर्षी. माझ्यासारखं अक्षर तालमीत कुणाचं होतं? पोरं म्हणाली, अण्णा, यंदा तुमचं नाव गाळूया, कोण विचारतंय. म्हटलं, गाळायचं कशाला? दिल्यात न्हवं अकरा?"

मी फळ्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर अक्षर ओळखलं असतं. माझ्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर तेच होतं, तो 'अ' वरून खाली येताना किंचित वळलेला. आकडाही त्यांनी तितक्याच ठळक हातानं काढला असणार.

थोडं थांबून अण्णांनी विचारलं, "तिथं फळा न्हाई व्हय?"

"नाही. ज्याचं त्याला माहीत."

"मग यंदा तू किती दिलंस?"

सांगितला आकडा. वैदेहीलाही अजून सांगितलेला नाही. पलीकडे ते पुटपुटत पौंडाचे रुपये करत होते, गुणाकार दोनदा केला.

"बक्कळ दिलंस की लेका," म्हणाले. "शनिवारी कुणाबरोबर हाय?"