तुम्ही विचारलंत म्हणून: आईला कुठल्या गोळीने बरं वाटलं?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कुणाच्या आईची कंबर धरलेली असते, कुणाच्या वडिलांना चार पावलं चाललं की थांबावं लागतं, आणि त्यांना कुठून तरी कळलेलं असतं की माझ्या आईला आता बराच आराम आहे. मग फोन. गोळीचं नाव पाठवा ना, तेल कुठलं लावता, पट्टा वापरता का.

तर पहिली गोष्ट, ती बरी झालेली नाही. ७८ वर्षांची आहे, दुखणं सुरू होऊन चार वर्षं झाली आणि अजूनही दुखतंच. पण तेव्हा ती दिवसभर पलंगावर असायची आणि आता नसते, एवढा फरक आहे, आणि तो कुठल्याही गोळीने पडलेला नाही. नक्की कुठे दुखतंय आणि कधी दुखतंय हे कळल्याने पडला. ते कळायलाच आम्ही दीड वर्ष घालवलं.

कारण ऐकाल तर हसाल. आई म्हणायची "कंबर दुखते". डॉक्टरांना सांगताना कंबर, मला सांगताना कंबर, मग एक्सरे कमरेचा, शेक कमरेला, पट्टा कमरेला, सगळं कमरेला. आणि दुखत होते कुल्ले! पण हा शब्द ती मुलासमोर आणि परक्या पुरुष डॉक्टरसमोर उच्चारणार कशी? "खाली जरा" एवढं एकदा म्हणाली होती म्हणे, मला तर आठवतही नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने मला खोलीबाहेर काढलं आणि आईला म्हणाली, आजी बोलू नका, हे चित्र घ्या आणि दुखतं तिथे पेनाने रंगवा. माणसाची पाठमोरी आकृती होती कागदावर. पाच मिनिटांनी मला आत बोलावलं तर कमरेवर एक बारीकशी रेघ, आणि दोन्ही कुल्ल्यांवर गिरगटून गिरगटून कागद फाटायला आलेला, तिथून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत एक पट्टा, आणि खाली बसतो त्या हाडांवर दोन ठिपके. दीड वर्षाची फाईल एकीकडे आणि तो कागद एकीकडे.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी लक्षात आली. हॉस्पिटलमध्ये तिच्यासाठी व्हीलचेअर मागवली होती, ती बसायला तयार नाही, "मी काय आजारी आहे का" म्हणून रिकामी खुर्ची स्वतःच ढकलत निघाली, आणि घरात हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत जाताना भिंत धरणारी बाई तो अख्खा लांबलचक पॅसेज न थांबता चालून गेली. मी मागून बघत राहिलो. ती मुलगी मात्र लगेच म्हणाली, आजी वाकून ढकलतायत ना, म्हणून चालता येतंय.

तर ते असं. मणक्याच्या आत नसांसाठी जी पोकळी असते ती वयानुसार अरुंद होते, ताठ उभं राहिलं की अजून आवळते आणि नसा दाबल्या जातात, मग कुल्ल्यात, मांडीत, पोटरीत जडपणा, कळ, मुंग्या. पुढे वाकलं किंवा बसलं की जागा मोकळी होते आणि पाय पुन्हा आपले होतात. याला लंबर स्टेनोसिस म्हणतात. मग मला सगळं आठवायला लागलं, ओट्याशी उभी असताना ती कोपरं टेकून वाकायची आणि मी "आई, ताठ उभी राहा ना" म्हणून ओरडायचो. शहाणा मी.

म्हणून आता मला कुणी गोळी विचारली की मी उलट प्रश्न विचारतो. चालताना दुखतं ते बसल्यावर थांबतं, की नुसतं जागच्या जागी उभं राहिलं तरी थांबतं? नुसतं उभं राहून पोटऱ्या मोकळ्या होत असतील तर पायांचा रक्तपुरवठा तपासून घ्यायला हवा, ती भानगड वेगळी. जांघेत दुखतं का? मग खुब्याचा सांधा बघा. कुशीवर झोपलं की बाहेरच्या बाजूला ठणकतं का? तेही वेगळं. लोक वैतागतात, त्यांना नाव हवं असतं गोळीचं.

एमआरआयबद्दल एक सांगतो कारण त्या रिपोर्टने आमच्या घरात सुतक पसरल्यासारखं झालं होतं. मणक्यांमधल्या चकत्या (त्यांनाच गादी म्हणतात) झिजल्यात, गादी बाहेर आलीय, अमुक लेव्हल तमुक लेव्हल, आई म्हणाली संपलं आता. नंतर कळलं की काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झालाय आणि त्यात ८० वर्षांच्या धडधाकट लोकांपैकी ९६ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, ८४ टक्क्यांची गादी फुगलेली. अगदी विशीतल्यांमध्येसुद्धा ३७ टक्के झीज! म्हणजे नुसता रिपोर्ट वाचून काही ठरत नाही, रिपोर्ट आणि माणूस शेजारी शेजारी ठेवून बघावं लागतं.

आता गोळ्या. आमची घोडचूक सांगतो. सुरुवातीला एक पेनकिलर पाच दिवसांसाठी लिहून दिली होती, तिने बरं वाटलं, म्हणून आम्ही त्याच जुन्या चिठ्ठीवर ती मेडिकलमधून आणतच राहिलो, तीन-साडेतीन महिने. तिला बीपीच्या गोळ्या चालू, त्यात एक लघवी जास्त होण्याची. पेनकिलर, बीपीची गोळी आणि ही लघवीची, या तिन्हींचं मिळून किडनीवर काय होतं हे आम्हाला कुठे माहीत. घोट्यांवर सूज आली, बीपी चढलं, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. बंद केल्यावर खाली आलं, नशीब. तेव्हापासून नवी गोळी म्हटली की तिच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊनच जातो, आयुर्वेदिकवालीसुद्धा त्यात. नसांसाठी म्हणून दुसरी एक गोळी मिळाली होती, तिने रात्री बाथरूमला उठताना तोल जायला लागला. या वयात पाठदुखीपेक्षा पडणं महागात जातं, हाडं ठिसूळ असतात. तीही डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करत सोडली, अशी गोळी एकदम तोडायची नसते.

पट्टा कपाटात आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट पाठदुखीसाठी ज्या सूचना काढल्या त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन (पाठ ओढून ताणायची ते) नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलंय, आणि व्यायाम, माहिती देणं वगैरे गोष्टी पुढे ठेवल्यात. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, मला घाम यायचा हे मी तुला तेव्हाच सांगत होते.

मग आम्ही करतो काय? फार काही नाही खरंतर. चाकाचा वॉकर घेतला, हँडल जरा पुढे वाकता येईल अशा उंचीला, त्याला बसायची सीट आहे, दहा-बारा मिनिटं चालते, पाय जड झाले की बसते, परत उठते. पाय पूर्ण आखडेपर्यंत ओढायचं नाही, त्याच्या आधीच बसायचं, हे तिला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला कारण तिच्या मते मधेच बसणं म्हणजे हरणं. सकाळी गादीवरच एकेक गुडघा छातीशी. दिवसातून तीनदा हातवाल्या खुर्चीतून उठणं-बसणं, आधी पाच वेळा, आता दहा. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग हाताने रेटा देऊन बसायचं.

चित्रातले ते दोन ठिपके राहिलेच की. वजन कमी झाल्याने बसायच्या जागेचं मांसच उरलेलं नाही, हाड थेट लाकडावर. मी उत्साहाने मधे भोक असलेली गोल उशी आणली होती, तिने कडेकडेला दाब पडून उलट त्रास वाढला. आता साधी जाड फोमची सपाट उशी, आणि अर्ध्या तासाने उठायचं म्हणून अलार्म. अलार्म वाजला की ती त्याला शिव्या घालते पण उठते.

तेल? लावतो, रात्री, कुठलंही. शेक पण देतो, पण पिशवी आधी माझ्या हाताला लावून बघतो आणि तिला ती घेऊन झोपू देत नाही, वयाने कातडी पातळ होते आणि नसांमुळे चटका उशिरा कळतो.

हे सगळं रोजच्या दुखण्याचं. पण लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शी वर ताबा राहिला नाही, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर फोन मला करू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. पडल्यावर किंवा साधं वाकल्यावर अचानक जोराची कळ आली, सोबत ताप असला, वजन उतरत असलं, पूर्वी कॅन्सर झालेला असला, तरी "या वयात चालायचंच" म्हणून बसू नका. ते वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता डोकं फिरतं.

परवा मावशीचा फोन होता, तिचीही कंबर धरलीय म्हणे. आई इकडून मोठ्याने विचारत होती, "कंबर की कुल्ले? अगं नीट सांग, घरात कोण आहे ते बघू नकोस." तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.