घरटी एकच साक्षर

प्रौढ स्त्रियांना मोबाइल आणि संगणक शिकवायच्या योजना आखताना हिशेब घराचा धरला जातो, बाईचा नाही. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे उद्दिष्ट सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचे होते. प्रत्येक कुटुंबातून एकच व्यक्ती घ्यायची, आणि तीही ज्या घरात कुणालाच हे तंत्र येत नाही अशाच घरातून, असा नियम होता. निवडीत स्त्रियांना प्राधान्य होते हे खरे. परंतु मुलाला स्मार्टफोन वापरता येतो म्हटल्यावर आईचे घर साक्षर ठरायचे आणि आई आहे तिथेच राहायची.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, तर स्त्रिया ३३ टक्के आढळल्या. या स्त्रियांना शिकणे झेपत नाही, असे कुणी म्हणाले की मला म्हसवड आठवते. सातारा जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यातल्या या गावी सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासह तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक सभासद निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायकांनी अक्षरे गिरवली, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवतो, तुमच्या माणसांनाही तसाच करायला सांगा, असे त्यांनी सुनावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे उद्योगाचे शिक्षण देणारी फिरती बस आली, २००८ मध्ये सामुदायिक रेडिओ आला. रेडिओची निवड मला विशेष शहाणपणाची वाटते, कारण तो ऐकायला अक्षरओळख लागत नाही आणि हातातले कामही थांबवावे लागत नाही.

आता प्रश्न ओटीपीचा आहे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, करताना तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. खाते तिचे, पैसे तिचे, पण ती फोनवाला घरी येण्याची वाट पाहत बसते. म्हणून गावोगावच्या वर्गांनी संगणकाच्या भागांची नावे पाठ करून घेण्याआधी, दुपारच्या मोकळ्या वेळात, बचत गटाच्या बैठकीलाच जोडून, प्रत्येकीच्या आधारला तिचा स्वतःचा क्रमांक जोडून द्यावा आणि तिचा पिन तिलाच ठरवायला शिकवावे.