पाऊणकी आणि सदतीस नापास चाचण्या

हॅम्बुर्गहून निघताना सामानात सगळ्यात शेवटी गेला तो तळहाताएवढा हिरवा बोर्ड, म्हणजे एक छोटा संगणकच. दोन मोज्यांत गुंडाळून, आईच्या औषधांशेजारी. मुंबईला उतरून कोकण रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली, पुढे हर्णै. घरी पोचेपर्यंत पावसाने असा जोर धरला होता की दारातच आईने माझं डोकं पुसायला घेतलं आणि मी बॅगेतून बोर्ड काढून तो कोरडा आहे ना ते बघायला.

तिकडे तू नक्की काय करतेस, असं गावी आलं की प्रत्येक जण विचारतो. एका संशोधन संस्थेत आम्ही आकडेमोडीची एक लायब्ररी सांभाळतो, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोडचा संच. बंदरातल्या पाण्याच्या पातळीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घ्यायच्या, त्यांतून चंद्राची लाट, सूर्याची लाट अशा एकेक लाटा वेगळ्या काढायच्या आणि त्यांची बेरीज करून पुढच्या भरती-ओहोटीचा अंदाज द्यायचा. चंद्राची मुख्य लाट सुमारे १२ तास २५ मिनिटांची. हॅम्बुर्ग समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तरी एल्बे नदीला रोज दोनदा भरती येते. पहिल्या वर्षी घरची आठवण असह्य झाली की मी धक्क्यावर जाऊन ओहोटीचा चिखल बघत बसायचे. वास वेगळा, थंडी वेगळी, पण पाणी मागे जातं ते तसंच.

या लायब्ररीच्या साडेतीन हजारांच्या आसपास चाचण्या आहेत. अमुक आकडे दिले तर तमुक उत्तर यायला हवं, असं प्रत्येकीत लिहिलेलं. आमच्या नेहमीच्या संगणकांवर सगळ्या पास होतात. त्या हिरव्या बोर्डावर ३७ नापास होत होत्या.

बोर्डावरचा प्रोसेसर रिस्क-फाइव्ह जातीचा. २०१० साली बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेली ही रचना सगळ्यांना खुली आहे, परवान्याचे पैसे न भरता कोणीही तिच्यावर चिप बांधू शकतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ तिच्यावरच बेतलेले आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स प्रणालीने तिला अधिकृत स्थान दिलं. म्हणजे उद्या आमची लायब्ररी अशा यंत्रांवर चालणारच. पाच आठवड्यांच्या सुट्टीतले दोन आठवडे घरून काम करायची परवानगी होती, ते मी या ३७ चाचण्यांना दिले.

माजघरातल्या टेबलावर बोर्ड मांडला, इन्व्हर्टरची वायर तिथपर्यंत ओढली. पूर्ण फेरीला तीन तास लागायचे आणि आषाढात हर्णैला तीन तास सलग वीज राहणं कठीण. म्हणून प्रत्येक चाचणीचा निकाल लगेच फाइलमध्ये उतरवायची सोय केली, लाइट आले की राहिलं तिथून पुढे.

पहिला संशय बोर्डावरच आला. खारी हवा, दमट भिंती, आमच्या घरात कडीकोयंडेसुद्धा दोन पावसाळ्यांत गंजतात. पण तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा त्याच ३७ नापास, उत्तराच्या शेवटच्या अंकापर्यंत तीच चूक. मेमरी बिघडलेली असती किंवा चिप तापत असती, तर चूक दर वेळी जागा बदलत राहिली असती. मग लॅपटॉपवर त्याच प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर चालवलं. तिथेही ३७. बोर्ड सुटला. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं, कारण जी चूक हुकमी परत येते ती सापडतेच.

आता त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट सांगते. संगणकाला ०.१ हा आकडा नेमका साठवता येत नाही, जवळचा साठवतो. त्याचा वर्ग केला की उत्तर पुन्हा जवळच्या आकड्यावर आणावं लागतं. आमच्या कोडमध्ये एके ठिकाणी ‘क्ष गुणिले क्ष वजा य गुणिले य’ काढून त्याचं वर्गमूळ घेतलं होतं. क्ष आणि य दोन्ही ०.१ असतील तर उत्तर शून्य, त्यात काय बिघडणार? नेहमीच्या संगणकावर दोन्ही वर्ग त्याच जवळच्या आकड्यावर येतात, वजाबाकी शून्य. पण रिस्क-फाइव्हवर गुणाकार आणि बेरीज एका दमात करणारी सूचना असते, तिला एफएमए म्हणतात. ती मधला गुणाकार जवळच्या आकड्यावर आणत नाही, अख्खा जपून ठेवते आणि शेवटी एकदाच जवळच्या आकड्यावर आणते. मग एक वर्ग अख्खा राहतो, दुसरा छाटलेला, आणि वजाबाकी येते उणे शून्य दशांश, पुढे अठरा शून्यं आणि मग ८३. ऋण आकडा! वर्गमूळ घ्यायला जावं तर हाती येतं ‘नॅन’, म्हणजे हा आकडाच नव्हे. कोणता वर्ग अख्खा ठेवायचा हे कंपायलर, म्हणजे आमचा कोड यंत्राच्या सूचनांत बदलणारा प्रोग्राम, ठरवतो. त्याने दुसरा ठेवला असता तर हेच उत्तर धन आलं असतं आणि चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

एफएमए काही नवी नाही. आयबीएमच्या १९९० सालच्या यंत्रांत ती होती, २००८मध्ये ती आयईईई ७५४ या संगणकी आकडेमोडीच्या मानकातही आली. ते मानक मूळचं १९८५चं, विल्यम काहान यांनी घडवलेलं, ज्यांना १९८९चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पण आमच्या नेहमीच्या संगणकांसाठी कंपायलर जुन्यातल्या जुन्या चिपवर चालेल असा कोड बनवतो, त्यात ही सूचना वापरली जात नाही. कंपायलरला मी सांगितलं, गुणाकार-बेरीज जोडू नकोस. एका फेरीत ३३ चाचण्या पास झाल्या.

इथे थांबता आलं असतं. तो पर्याय कायमचा लावून टाकायचा, किंवा चाचणीत किती चूक चालेल ती मर्यादा थोडी वाढवायची, हिरवी खूण मिळते. पण एका दमात केलेला हिशेब सहसा जास्त अचूक असतो. मग चूक कोणाची? मी त्या ३३ पैकी शेवटच्या अंकात फरक असलेल्या ३१ चाचण्या घेतल्या आणि खरी उत्तरं पन्नास अंकांपर्यंत काढून शेजारी मांडली. २२ ठिकाणी बोर्डाचं उत्तर खऱ्याच्या जास्त जवळ होतं. चाचणीत लिहिलेलं ‘बरोबर’ उत्तर म्हणजे कधीकाळी कोणीतरी जुन्या संगणकाचं उत्तर जसंच्या तसं उतरवून ठेवलेलं होतं. विद्यार्थ्याने गणित बरोबर सोडवलं आणि उत्तरसूची चुकली म्हणून त्याला नापास केलं, तसं झालं हे.

मग मर्यादा किती ठेवायची? याचं उत्तर मला शेजारच्या तांडेलकाकांनी दिलं.

१ जूनपासून मासेमारी बंद. होड्या आंजर्ल्याच्या खाडीत सुरक्षित लावलेल्या, काका पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेले. मी दुपारी साडेबाराला हॅम्बुर्गच्या मीटिंगला बसायचे, तिकडे तेव्हा सकाळचे नऊ. रेंज फक्त पडवीच्या टोकाला, त्यामुळे काकांना माझं सगळं ऐकू जायचं. एकदा मीटिंग संपल्यावर म्हणाले, “बाय, भरतीचा हिशेब करायला एवढी माणसं? आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती.”

आपल्या किनाऱ्यावर हे सगळ्यांना पाठ आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकली, त्यातली पाऊणकी दर्यावर कामाला आली. मी लॅपटॉपवर बघितलं. आमच्या लायब्ररीत आणि काकांच्या पाऊणकीत वीस मिनिटांचा फरक.

“वीस मिनटं काहीच नाय,” काका म्हणाले. “अर्धा तास इकडंतिकडं मी धरतोच. पण उधाणाच्या दिवशी खाडीच्या तोंडातून होडी काढायची तर मग नाय धरत. तिथं गाळ आहे. तिथं पाणी डोळ्यानं बघतो.”

किती चूक चालेल हे त्यांना ठाऊक होतं आणि कुठे चालणार नाही हेही. भांगाच्या, म्हणजे कमी पाण्याच्या, भरतीला एक मर्यादा, उधाणाला दुसरी, आणि दोन्हींमागे कारण. आमच्या चाचण्यांत मर्यादा होत्या, कारणं नव्हती. त्या रात्री मी प्रत्येक मर्यादा नव्याने बसवली. या हिशेबात इतक्या बेरजा आहेत, दर बेरजेला जास्तीत जास्त इतकी चूक, म्हणून एवढी मर्यादा, असं शेजारी लिहिलं. वर्गमूळाच्या आत ‘क्ष वजा य’ गुणिले ‘क्ष अधिक य’ असं मांडलं. क्ष आणि य सारखे असतील तर पहिला कंस शून्यच येतो, मग यंत्र कुठलंही असो.

उरलेल्या चारपैकी दोन चाचण्यांनी मला झोपू दिलं नाही. बंदरातलं मापक बंद पडलं की त्या तासाची नोंद ‘नॅन’ म्हणून येते. आमचं कोड ती नोंद आधी पूर्णांकात बदलायचं आणि मग बघायचं की आकडा फार मोठा ऋण आहे का. असेल तर नोंद गहाळ समजून सोडून द्यायची. इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर ‘नॅन’चा पूर्णांक खरोखरच सर्वांत मोठा ऋण आकडा येतो, म्हणून हे वर्षानुवर्षं चाललं. पण आमचं कोड ज्या सी या प्रोग्रामिंग भाषेत आहे, तिचा नियम असं काही वचन देत नाही. रिस्क-फाइव्हवर तिथे सर्वांत मोठा धन आकडा येतो. गहाळ नोंद म्हणजे आजवरची सर्वांत मोठी भरती!

आणि एआरएम या तिसऱ्या जातीच्या प्रोसेसरच्या यंत्रांवर? तिथे शून्य येतो. शून्य सेंटिमीटर पाणी, अगदी साधी, विश्वास बसेल अशी नोंद. मग तिथे ही चाचणी आधीच का नापास झाली नाही, म्हणून मी फाइलच्या वरच्या ओळी बघितल्या. तिथे लिहिलं होतं: एआरएमवर ही फाइल वगळा. २०१९. खाली माझंच नाव.

मला तो दिवस आठवतो. नोकरीचा चौथा महिना, जर्मन धड येत नव्हती, मीटिंगमध्ये प्रश्न विचारायची भीती वाटायची. त्या फाइलमधल्या चाचण्या एआरएमवर नापास होत होत्या, कारण कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस नव्हतं. एक ओळ लिहिली आणि घरी गेले. ती ओळ सहा वर्षांहून जास्त काळ एक खरी चूक झाकून बसली होती. मीटिंगमध्ये मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. माझी वरिष्ठ सहकारी रागावली नाही. तिने तिचा नेहमीचा एकच शब्द विचारला, “वारुम?” म्हणजे का. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते जर्मनमध्ये देताना अडखळले नाही. आता कोड आधी ‘नॅन’ आहे का ते विचारतं, पूर्णांक नंतर.

दोन चाचण्या अजून नापास आहेत. त्या लांब दशांशाच्या (नेहमीपेक्षा जास्त अंक जपणाऱ्या आकड्याच्या) आहेत. नेहमीच्या संगणकावर तो ८० बिटांचा असतो, इथे १२८ बिटांचा आणि तोही सॉफ्टवेअरने केलेला, त्यामुळे संदर्भाचे सगळे आकडे नव्याने काढावे लागतील. त्या मी वगळल्या नाहीत. लाल ठेवल्यात, शेजारी कारण लिहून.

बोर्ड परत नेत नाहीये. पुतण्याने त्याला माजघराच्या फळीवर, कौलाच्या गळतीपासून लांब, पक्की जागा करून दिली आहे. तो आता हर्णैलाच राहील आणि मी हॅम्बुर्गहून त्याच्यावर चाचण्या चालवीन. मध्येच थांबल्या तर वहिनीला फोन करून विचारायचं ठरलंय, घरात लाइट आहेत का.