ब्रा-दॉर १:४० : पुढचं फॉइल वळणावर टिकलं!

मंडळी, टिकलं एकदाचं. (नव्यांसाठी : ब्रा-दॉर हे कॅनडाच्या नौदलाचं हायड्रोफॉइल जहाज, फॉइल म्हणजे बोटीला पाण्याबाहेर उचलणारा पाण्यातला पंख, आणि माझं हे त्याचं चाळीस पटींनी लहान रिमोटवरचं मॉडेल.) पूर्ण थ्रॉटल, उजवं वळण, आणि बोट फॉइलवरच! जीपीएस लॉगरवर वळणाआधीचा वेग ताशी १७ किमी. १:४० ला वेग ४० च्या वर्गमुळाने, म्हणजे ६.३ पटीने वाढवून धरायचा, तेव्हा हे झाले खऱ्या जहाजाचे ५८ नॉट. मूळ ब्रा-दॉरने १९६९ मध्ये ६३ नॉट गाठले होते, म्हणजे मॉडेलला ताशी साधारण १८.४ किमी हवेत. उरलेला वेग वजनात अडकलाय की प्रॉपेलरमध्ये, ते नंतर पाहू. सध्या मला वळणाशिवाय काही सुचत नाहीये.

दुखणं तुम्हाला माहीतच आहे. सरळ रेषेत बोट शहाण्यासारखी उठायची, हल (बोटीचं धड) पाण्याबाहेर, मागच्या फॉइलमागे शेपटीसारखा फवारा. स्टिअरिंगला हात लावला की नाक धाडकन खाली. या जहाजाची रचनाच तशी आहे. पुढच्या हिऱ्याच्या आकाराच्या फॉइलवर जेमतेम १० टक्के भार, बाकीचा ९० टक्के मागच्यावर, आणि ते पुढचं फॉइलच सुकाणू. माझं मॉडेल ३.९ किलोचं, म्हणजे नाकाखाली चारशे ग्रॅमसुद्धा नाहीत. एवढ्याशा फॉइलने लिफ्ट सोडली की नाक झुकतं, नाक झुकलं की मागच्या फॉइलचा कोन कमी होतो, आणि मग अख्खी बोट पाण्यात बसते.

मला सुरुवातीपासून संशय व्हेंटिलेशनचा (वरची हवा फॉइलवर ओढली जाण्याचा) होता, कॅव्हिटेशनचा (दाब उतरून पाण्याचीच वाफ होण्याचा) नव्हे. काही जणांनी कॅव्हिटेशन सुचवलं होतं, पण ते या मापात होणं अवघड. बोट आपण चाळीस पटींनी लहान केली तरी वातावरणाचा दाब तेवढाच राहतो, आणि ताशी १७ किमीला पाण्याची वाफ होण्याइतका दाब उतरत नाही. खऱ्या जहाजाची गोष्ट वेगळी. ६० नॉटला कॅव्हिटेशन टळत नाही, म्हणून त्याला सुपरकॅव्हिटेटिंग प्रॉपेलर लावले होते. आपल्याकडे भानगड हवेची. फॉइलची भुजा पृष्ठभाग भेदून वर येते, तिच्या वरच्या अंगाला दाब कमी असतो, आणि शहाळ्यात नळी घालून ओढावं तशी वरची हवा त्या अंगाने खाली खेचली जाते.

फोनच्या स्लो मोशनमध्ये हे लख्ख दिसलं. उजवीकडे वळताना हिऱ्याच्या खालच्या व्ही-ची डावी भुजा जास्त कोनात जाते, कारण बोटीला उजवीकडे ढकलायचं काम तिचं. चंदेरी पोकळी आधी तिच्यावरच चढते आणि टोकापर्यंत उतरते. खरं तर पृष्ठभाग भेदणाऱ्या फॉइलची गंमतच ही, की बोट खाली गेली की जास्त फॉइल भिजतं आणि लिफ्ट आपोआप परत येते. पण पोकळी पाठीवर असेपर्यंत ही गंमत बंद. वर ती पोकळी चिवट. एकदा बसली की कोन थोडा कमी करून जात नाही, वेग बराच उतरावा लागतो.

सर्व्होची (सुकाणू फिरवणाऱ्या छोट्या मोटरची) फेक कमी केली, एक्स्पो (स्टिक मध्याजवळ मऊ करणारं सेटिंग) वाढवला. बोट डुबत नव्हती, पण वळतही नव्हती. मग फेन्स, म्हणजे हवा अडवणारी कुंपणं. ०.३ मिमी पितळी पत्र्याचे, भुजेवर प्रवाहाच्या दिशेने उभे. नुसते वरच्या अंगाला बसवले तर हवा पुढच्या कडेला वळसा घालून खाली शिरते. फेन्स पुढच्या कडेवरून गुंडाळून खालच्या अंगालाही थोडा आणला, तेव्हा कुठे फरक पडला. डाग देताना आधीचा जोड सुटू नये म्हणून भुजांना सिल्व्हर सोल्डर आणि फेन्सना साधं कथलाचं, हा क्रम पाळा. आणि टॉर्च सोनाराकडे असते तसली बारीक ज्योतीची घ्या. हॉबीच्या नावाखाली दुप्पट किमतीत विकतात त्या टॉर्चमध्ये वेगळं काही नसतं.

फेन्सनंतर अर्ध्या थ्रॉटलला वळणं जमायला लागली. पूर्ण थ्रॉटलला मात्र तेच रडगाणं.

कोडं सुटलं ते भलत्याच ठिकाणी. मी फॉइल आरशासारखं घासलं होतं, २००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत, वर लॅकर. माझ्या भुजेची रुंदी ३ सेंमी. या वेगाला रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत राहील की खवळेल ते सांगणारा आकडा) दीड लाखाच्या आत. इतक्या कमी आकड्याला गुळगुळीत पाठीवरचा प्रवाह लॅमिनार, म्हणजे थराथराने शांत राहतो आणि कोन वाढला की पाठ सोडतो. प्रवाहाने पाठ सोडली की तिथे संथ, कमी दाबाच्या पाण्याचा कप्पा तयार होतो, आणि हवेला बसायला नेमकी तशीच जागा लागते. खऱ्या जहाजाचा रेनॉल्ड्स नंबर कोटींत, त्यामुळे तिथे ही अडचण या रूपात येतच नाही. टोइंग टँकमधल्या मॉडेलांना पुढे वाळूची पट्टी किंवा बारीक खुंट्या लावतात त्या याचसाठी, प्रवाह मुद्दाम खवळायला. ग्लायडरवाल्यांच्या पंखांवरही झिगझॅग टेप असतेच.

मग काय, पुढच्या कडेपासून ३ मिमीवर मास्किंग टेप लावून लॅकरची २ मिमी रेघ ओढली आणि ओली असतानाच तिच्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरली. इतका देखणा आरसा खरबरीत करताना जिवावर आलं. पण पुढच्या फेरीत पूर्ण थ्रॉटलला फेक वाढवत नेली तरी पोकळी टिकली नाही. फेन्सपर्यंत यायची आणि तुटायची. ते स्लो मोशनमध्ये किती वेळा पाहिलं ते विचारू नका.

फ्लेक्स शाफ्टबद्दल (मोटरपासून प्रॉपेलरपर्यंतची लवचिक दांडी) एक ओळ : नवा मागवलेला आतून कोरडा ठणठणीत आला. पितळी नळीत घालण्याआधी ग्रीस आपलं आपण भरा, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

पुढचा बेत टुकुमकारीचा, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या हायड्रोफॉइल गनबोटीचा होता. पूर्ण बुडालेली फॉइलं, वॉटरजेट, जायरो, उंचीला अल्ट्रासॉनिक सेन्सर. अमेरिकनांनी तीच वाट धरली आणि पेगॅसस वर्गाच्या सहा जहाजांपर्यंत नेली. संगणकाशिवाय एक क्षण तोल न सांभाळणारी जहाजं म्हणून मला ती थोडी परकी वाटतात, पण ४८ नॉटला वळताना हवा गिळायची चिंता त्यांना बरीच कमी. कॅनडाला उत्तर अटलांटिकमध्ये पाणबुड्या शोधायच्या होत्या, हलवर तरंगत तासन्‌तास सोनार (पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र) ऐकायचा आणि मग एकदम झेप घ्यायची, म्हणून त्यांनी आपोआप सावरणारी रचना निवडली. ती योजना १९७१ मध्ये गुंडाळली. मॅरेजिंग नावाच्या मजबूत पोलादाच्या फॉइलला तडेही जात होते. जहाज आता क्वेबेकमध्ये लिस्ले-सुर-मेरच्या संग्रहालयात, फॉइलांसकट उभं आहे.

पण लिहिता लिहिता आठवलं, मूळ जहाजाचं पुढचं फॉइल नुसतं वळत नव्हतं, त्याचा रेकही (पुढे-मागे कल) बदलता येत होता : तरंगताना एक कोन, उडताना दुसरा. माझा रेक टेकऑफसाठी बसवलेला, म्हणजे पूर्ण वेगाला तो गरजेपेक्षा जास्त आणि पोकळीला आमंत्रणच. ९ ग्रॅमचा एक सर्व्हो, स्ट्रटमागे (फॉइल धरणाऱ्या खांबामागे) ०.८ मिमीची पुशरॉड, आणि थ्रॉटलवर मिक्स, म्हणजे थ्रॉटलबरोबर रेक आपोआप बदलेल. स्ट्रटच्या बिजागरीला खेळ राहून चालणार नाही, त्यामुळे लेथवाल्याकडे पितळी बुश करून घ्यावे लागतील. वजन आधीच मापापेक्षा दीडशे ग्रॅम जास्त आहे, तेव्हा डेकवरची सजावट उतरवतो. टुकुमकारी थांबेल. बुशला १.५ मिमीची पिन पुरेल की २ ची घ्यावी, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. लेथवाला शनिवारी मोकळा आहे.