बेबी, एक गाणं म्हण

आमच्या आत्याचं नाव बेबी. वय ७८. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, नातवाचं लग्न झालं, तरी बेबीच. हे नाव तिला आजीआजोबांनी ठेवलेलं नाही, मिरजेतल्या एका गणपतीच्या मेळ्याने ठेवलंय. आठव्या वर्षी ती मेळ्यात पदं म्हणायची. तेव्हाची रीतच अशी, की गाणाऱ्या पोरीच्या नावाआधी बेबी आणि पोराच्या नावाआधी मास्टर लावल्याशिवाय हँडबिल छापलंच जायचं नाही. सिनेमातही तेच. बेबी शकुंतला पुढे नायिका झाल्या तरी श्रेयनामावलीत बेबीच राहिल्या.

आत्याने विसाव्या वर्षी गाणं सोडलं. का सोडलं, यावर आमच्या घराण्यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, सासरी चालत नव्हतं. दुसरा म्हणतो, टॉन्सिल्स काढताना आवाजाची वाट लागली. तिसरंही एक मत आहे, पण ते फक्त चुलत काकू मांडतात आणि तेही दार लोटून घेऊन. खुद्द आत्याला विचारलं तर ती म्हणते, “कंटाळा आला होता.” यावर सगळे समंजसपणे माना डोलावतात आणि तिची पाठ वळली की पुन्हा टॉन्सिल्सवर येतात. तिचा मिरजेचाच तंबोरा कपाटावर गवसणीत झोपलेला आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्याला खाली काढतात, पुसतात, वर ठेवतात.

मला आत्याचं म्हणणं पहिल्यांदा खरं वाटलं ते डिआना डर्बिनमुळे.

हॉलिवूडची एकेकाळची गाणारी नटी. तिचं नाव आज फारशा कुणाला आठवणार नाही. १९२१ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये जन्मलेली ही मुलगी. खरं नाव एड्ना मे. आईवडील इंग्लंडच्या लँकशायरमधले, खाऊनपिऊन सुखी म्हणता येईल इतकीही श्रीमंती नाही. पुढे बिऱ्हाड कॅलिफोर्नियात हललं. धाकटीच्या गळ्यात काहीतरी आहे हे थोरल्या बहिणीला कळलं आणि गाण्याच्या शिकवणीला तिनेही पैसे घातले. (प्रत्येक गाणाऱ्या पोरीमागे अशी एक थोरली बहीण असते. तिचं नाव हँडबिलावर नसतं.)

हॉलिवूडच्या एमजीएमला एका ऑपेरा गायिकेच्या आयुष्यावर चित्रपट काढायचा होता, त्यात तिच्या लहानपणासाठी ही पोर घेतली. तो चित्रपट झालाच नाही. मग १९३६ साली तिला आणि तिच्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलीला एका छोट्या फिल्ममध्ये शेजारी शेजारी उभं करून गायला लावलं. एकीचं शास्त्रीय वळण, दुसरीचं जॅझचं. दुसरी कंपनीत राहिली, डिआना सुटली. ती दुसरी म्हणजे पुढे जगभर गाजलेली नटी-गायिका जूडी गार्लंड. मालकांनी नेमकं कुणाला ठेवायला सांगितलं होतं आणि कुणाला ठेवलं, याच्या हॉलिवूडमध्ये पुष्कळ आख्यायिका आहेत. आमच्या टॉन्सिल्सइतक्याच विश्वसनीय.

डिआनाला युनिव्हर्सलने घेतलं. ती कंपनी तेव्हा गळ्यापर्यंत बुडालेली. संस्थापक कार्ल लेमली यांच्या हातून त्याच वर्षी ती निसटली होती. १९३६ अखेर डिआनाचा पहिला मोठा चित्रपट लागला आणि धो धो चालला. दुसऱ्यात ती बेकार ट्रॉम्बोनवादकाची मुलगी झाली. मंदीने घरी बसवलेले शंभर वादक गोळा करून वाद्यवृंद उभा करायचा आणि खऱ्याखुऱ्या लिओपोल्ड स्टोकोव्स्की या नामांकित वाद्यवृंद-संचालकाच्या मागे लागून त्याला तो चालवायला लावायचा, अशी गोष्ट. त्यात ती मोत्झार्टचं ‘अलेलुया’ गाते. वय पंधरा. चेहऱ्यावर शाळेतून आत्ताच आल्याचा भाव आणि आवाज मात्र चांगल्या तिशीतल्या बाईचा. ते ऐकताना आपण नकळत पडद्यामागे कुणी उभं आहे का ते शोधतो. कुणी नाही. तीच आहे.

मग व्हायचं ते सगळं झालं. डिआना डर्बिन बाहुल्या निघाल्या. अकादमीने लहान मुलांसाठीचा छोटा ऑस्कर दिला. १९३९ मध्ये पडद्यावर तिचं पहिलं चुंबन घेतलं गेलं तर वर्तमानपत्रांत बातमी झाली, म्हणजे सबंध अमेरिका मुलीच्या बापासारखी वर्तमानपत्र घेऊन बसली होती. कलकत्त्यातल्या एका शाळकरी मुलाने तिला पत्र लिहिलं, त्याला सभ्यसं उत्तरही आलं. तो मुलगा म्हणजे सत्यजित राय. ॲमस्टरडॅममध्ये लपून राहिलेल्या ॲन फ्रँकने आपल्या खोलीच्या भिंतीवर आवडत्या नटनट्यांची चित्रं चिकटवली होती, त्यांत डिआनाही होती.

आणि इथेच घोटाळा झाला. गाणाऱ्या मुलांचं एक बरं असतं. बारा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो आणि खेळ निसर्गच थांबवतो. डिआनाच्याच काळात बॉबी ब्रीन नावाचा पोरगा आरकेओ या हॉलिवूडच्याच कंपनीच्या चित्रपटांत गायचा. १९३६ ला सुरुवात, आवाज बदलायला लागला तसा १९३९ पर्यंत कारभार आटोपला. आपल्याकडे १९३५ मध्ये भालजींच्या ‘कालियामर्दन’मध्ये वसंतराव देशपांडे कृष्ण झाले होते, १९३८ मध्ये प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये राम मराठे. दोघांच्याही गळ्यातून तो बाळकृष्ण एके दिवशी निघून गेला. मग गुरूंच्या पायाशी बसून, नाना घरांचं पाणी पिऊन त्यांनी जो आवाज कमावला तो अगदी वेगळ्याच माणसांचा. आज वसंतराव म्हटलं की खाँसाहेब आठवतात, मोरपीस नाही. आवाज फुटणं ही त्या दोघांना मिळालेली सुटी होती, असं मला वाटतं.

मुलींना ही सुटी नाही. डिआनाचा आवाज तर आधीच मोठा होता, फुटणार काय? चौदा वर्षांच्या डिआनाचं तिकीट विकलं जात होतं, तेच विकत राहायचं ठरलं. सगळ्यांची भांडणं सोडवणारी, मधेच गाणं म्हणणारी गोड पोर. तिचं लग्न झालं, मोडलं, पुन्हा झालं, मुलगी झाली, पडद्यावर मात्र ती कुणाची तरी भाची. १९४४ मध्ये तिने एका गुन्हेगार नवऱ्याच्या काळोख्या गोष्टीत काम केलं. त्या भूमिकेचा तिला शेवटपर्यंत अभिमान होता. प्रेक्षकांना मात्र वाटलं, आपली बेबी बिघडली. चाळीसच्या दशकात अमेरिकेतल्या सर्वांत जास्त कमावणाऱ्या बायकांत तिची गणना होत होती. इतका पैसा देऊन लोक तुम्हाला मोठं होऊ देत नाहीत, हा व्यवहार आत्याच्या मेळ्यातल्या दोन रुपये बक्षिसापेक्षा फार वेगळा आहे असं मला नाही वाटत.

२१ चित्रपट झाले. शेवटचा लागला १९४८ मध्ये, तेव्हा ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मग तिने सांगितलं, पुरे. १९५० मध्ये शार्ल दाव्हिद या फ्रेंच दिग्दर्शकाशी लग्न केलं आणि पॅरिसबाहेरच्या एका खेड्यात जाऊन राहिली. कोळी, डास आणि वार्ताहर यांच्यापासून तिचं रक्षण करायचं, असं नवऱ्याने कबूल केलं होतं म्हणे. त्याने ते निभावलं. ब्रॉडवेवरून ‘माय फेअर लेडी’साठी विचारणा झाली तेव्हाही ती गेली नाही. एक मुलाखत १९८३ मध्ये दिली, बाकी साठ वर्षांत जवळजवळ काही नाही. २०१३ साली वारली, ९१ वर्षांची होऊन.

आणि तिच्याबद्दलच्या लेखांमध्ये काय असतं? का सोडलं असेल बरं? आवाज गेला होता का? वजन वाढलं होतं का? तिने स्वतः सांगितलेलं कारण तेवढं कुणाला पुरत नाही. पडद्यावरच्या डिआना डर्बिन नावाच्या त्या मुलीचा माझ्याशी काही संबंध नव्हता, असं तिने पत्रकारांना लिहिलं होतं. इतकं स्वच्छ. पण चांगला गळा असताना माणूस गप्प बसतो हे आपल्याला सहन होत नाही, कारण पाहुण्यांसमोर पोहे आणि पोरगी एकदमच आणायची आपल्याला सवय. बेबी, एक गाणं म्हण. लाजायचं काय त्यात? घरचेच आहेत सगळे.

गेल्या महिन्यात मिरजेला गेलो तेव्हा मोबाइलवर आत्याला ते ‘अलेलुया’ लावून दाखवलं. तिने चष्मा चढवला. पहिलं मिनिटभर काहीच बोलली नाही. खुर्चीच्या हातावर बोट मात्र हलत होतं.

“श्वास कुठे घेते कळत नाही हिचा,” ती म्हणाली. मग गाणं संपल्यावर, “पुढे काय झालं हिचं?”

मी सांगितलं. हॉलिवूड, खेडं, नवरा, वार्ताहर, साठ वर्षं.

“मुलं?”

“दोन.”

“नवरा बरा होता?”

“बरा होता असं दिसतंय.”

“मग ठीक आहे,” आत्या म्हणाली आणि चष्मा काढून डबीत ठेवला. “बघ जरा, त्या तंबोऱ्याची गवसणी उसवलीये खालून. उंदीर जाईल आत. खाली काढ, टाका घालते.”

मी स्टुलावर चढलो. तंबोरा वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला. आत्याने भोपळ्यावरची धूळ पदराने पुसली, गवसणी उलटी करून मांडीवर घेतली आणि मला म्हणाली, “दोरा ओवून दे, मला दिसत नाही.”